नकाशाची चावी कुणाच्या खिशात? धंद्याच्या सॉफ्टवेअरमधल्या मॅप एपीआय कीची गोष्ट

"ओ दादा, नकाशा काळा पडलाय. गाड्या भरून उभ्या आहेत आणि पोरांना आज कुठं कुठं माल टाकायचाय तेच दिसंना झालंय."

सकाळी सव्वासातला लक्ष्मीपुरीतनं आलेला हा फोन. कांदा-लसूण मसाल्याचे होलसेल व्यापारी, शहरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत दुकानांना माल देतात, बारा छोट्या गाड्या आहेत आणि ऑर्डर घेण्यापासून गाडीचा रूट लावण्यापर्यंत सगळं एका सॉफ्टवेअरवर चालतं. सॉफ्टवेअर मी केलेलं नव्हतं, आधीच्या एका डेव्हलपरनं केलेलं, तो आता दुसऱ्या शहरात नोकरीला गेलाय. मी जाऊन बघतोय तर स्क्रीनवर कोल्हापूर दिसत होतं खरं, पण काळपट, धुरातनं बघितल्यासारखं, आणि त्यावर जागोजागी आडवं लिहिलेलं 'फॉर डेव्हलपमेंट पर्पजेस ओन्ली'. ज्यांनी हे आधी बघितलंय त्यांना लगेच कळतं, चावीमागचं बिलिंग बंद पडलंय. सेटिंग उघडलं, चावी बघितली, ती त्या जुन्या डेव्हलपरच्या स्वतःच्या गूगल खात्यातली निघाली. त्याच्या कार्डची मुदत संपली, बिलिंग थांबलं, आणि इकडं लक्ष्मीपुरीत बारा गाड्या थांबल्या.

त्या व्यापारी काकांनी मला एकच प्रश्न विचारला, "म्हणजे एवढी वर्षं चावी आमची नव्हतीच व्हय?"

नव्हती. आणि हे फक्त त्यांचं नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, गांधीनगर, इचलकरंजी, जिथं जिथं मी सॉफ्टवेअरच्या कामाला जातो तिथं नकाशाची चावी हा विषय कुणी नीट बघितलेलाच नसतो, ती कुठंतरी एका डब्यात पेस्ट केलेली असते आणि चालतंय म्हणून सोडून दिलेली असते. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय, मालकांसाठी पण आणि नवीन डेव्हलपर पोरांसाठी पण. एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याकडनं सेवा मागायची ठरलेली वाट, आणि एपीआय कीला मी पुढं चावीच म्हणणार आहे, नाहीतर वाक्यातली 'की' आणि ही 'की' यांचा घोळ होतो.

आधी चावी म्हणजे काय ते. आपलं सॉफ्टवेअर नकाशा स्वतः बनवत नाही, ते दुसऱ्याकडनं मागून घेतं. गूगल असेल, मॅपमायइंडियाचं मॅपल्स असेल, ओला मॅप्स असेल, कोणीही. प्रत्येक वेळी मागताना सांगावं लागतं की कुणाच्या नावावर मागतोय, आणि ते सांगणारी अक्षरांची ओळ म्हणजे चावी. गूगलची असली तर कॅपिटल ए, कॅपिटल आय, छोटं झेड, छोटं ए अशी सुरू होते आणि एकूण 39 अक्षरं असतात. पूर्वी गूगलचा नकाशा चावी न लावताही वेबसाईटवर दिसायचा, 2018 मध्ये त्यांनी सगळं नव्यानं मांडलं आणि तेव्हापासून चावी आणि तिच्यामागं बिलिंग खातं दोन्ही सक्तीचं झालं. अजूनही काही जुन्या लोकांच्या डोक्यात नकाशा फुकट असतो हेच बसलंय, ते तिथनं आलंय.

आता हे सगळ्यात सोपं कसं समजेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली खात्याची वही आठवा. घरातलं कोणीही पोरगं जातं, "अमक्यांच्या खात्यावर लिहा" म्हणतं, सामान घेतं, येतं. दुकानदार पैसे मागत नाही, महिन्याच्या शेवटी हिशोब घरी येतो. चावी म्हणजे ते "अमक्यांच्या खात्यावर लिहा". ती ज्याला माहीत आहे तो कोणीही तुमच्या खात्यावर लिहून सामान उचलू शकतो, गूगलचा दुकानदार चेहरा बघत नाही. पण वहीच्या बाबतीत शहाणा माणूस काय करतो? तो दुकानदाराला जाऊन सांगून ठेवतो, माझ्या खात्यावर फक्त माझा पोरगाच येईल, तो फक्त दूध आणि ब्रेडच नेईल, आणि दिवसाला दोन लिटरच्या वर द्यायचं नाही. कोण, काय आणि किती. नकाशाच्या चावीला पण अगदी ह्याच तीन गोष्टी सांगता येतात, आणि दहातल्या नऊ ठिकाणी त्या कुणी सांगितलेल्याच नसतात असा माझा अनुभव आहे.

म्हणून मला जे सांगायचंय ते एवढंच की चावी लपवणं आणि चावी बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत. काही चाव्या लपवताच येत नाहीत, त्या बांधाव्याच लागतात, आणि काही चाव्या लपवायच्याही असतात आणि बांधायच्याही. लोक पहिल्या प्रकारची चावी लपवायच्या मागं लागतात आणि दुसऱ्या प्रकारची उघडी टाकतात, बरोबर उलटं.

हे का होतं ते कळायला सॉफ्टवेअर नकाशाकडनं कुठली कुठली कामं करून घेतं ते बघू. काकांच्याच ऑफिसमधलं घ्या. संगणकावर ब्राउझरमध्ये नकाशा दिसतो, त्यावर दुकानांच्या खुणा असतात, हे झालं एक काम, आणि ह्यात नकाशा थेट तुमच्या ब्राउझरमध्ये उतरतो. दुसरं, नवीन दुकान टाकताना मुलगी पत्ता टाईप करते, 'पापाची तिकटीजवळ, अमुक तालमीच्या मागं', आणि सर्व्हर तो पत्ता गूगलला पाठवून अक्षांश-रेखांश मागतो, म्हणजे 16.70 आणि 74.22 असले आकडे, ह्याला जिओकोडिंग म्हणतात. तिसरं, सकाळी गाडीचा क्रम लावताना सर्व्हर रूट आणि अंतर विचारतो. आणि चौथं, ड्रायव्हर पोरांच्या मोबाईलमधलं ॲप, त्यात पुन्हा नकाशा. एकच नकाशा वाटतो, पण मागणारे तीन वेगळे आहेत, ब्राउझर, सर्व्हर आणि मोबाईल.

ब्राउझरवाली चावी लपत नाही. कितीही करा. काकांच्या समोर मी एफ12 दाबलं (ब्राउझर आत काय करतोय ते दाखवणारं बटण), नेटवर्कचं पान उघडलं, नकाशा रिफ्रेश केला, आणि गूगलकडं गेलेल्या पहिल्याच ओळीत त्यांची ती सगळी 39 अक्षरं जशीच्या तशी. काका म्हणाले, "हे कुणालाही दिसतंय?" हो, तुमच्या वेबसाईटवर येणाऱ्या कुणालाही. कारण नकाशा मागणारा तुमचा सर्व्हर नाही, समोरच्याचा ब्राउझर आहे, आणि ब्राउझरला चावी दिल्याशिवाय तो मागणार कशी? मी असे डेव्हलपर बघितलेत जे ही चावी उलटी लिहून ठेवतात, बेस64 करतात, म्हणजे तीच अक्षरं दुसऱ्या रूपात लिहितात, तीन तुकडे करून जावास्क्रिप्टमध्ये जोडतात, रात्र रात्र घालवतात त्यात. काही उपयोग नाही, शेवटी ती गूगलकडं जाताना पूर्ण होऊनच जाते. मोबाईल ॲपचं पण तेच, एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाईल उघडून आत बघायची साधनं फुकट मिळतात.

मग तिला बांधायची. गूगल क्लाउडच्या कन्सोलमध्ये चावीवर क्लिक केलं की 'ॲप्लिकेशन रिस्ट्रिक्शन्स' दिसतं, तिथं वेबसाईट निवडायची आणि आपलं डोमेन टाकायचं. आता ती चावी कुणी उचलून स्वतःच्या वेबसाईटवर लावली तर गूगल नकार देतं. मोबाईलच्या चावीला ॲपचं पॅकेज नाव आणि सही केलेल्या सर्टिफिकेटचा एसएचए-1 ठसा, म्हणजे त्या सहीची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, द्यायचा. इथं एक खड्डा आहे, बरेच जण पडतात, तुमच्या संगणकावर चाचणी करताना एक ठसा असतो, तुम्ही सही करून बनवलेल्या फाईलचा दुसरा असतो, आणि प्ले स्टोअरकडनं सही होऊन आलेल्या ॲपचा तिसराच. पहिला टाकून ठेवला की ऑफिसात नकाशा मस्त दिसतो आणि ड्रायव्हरच्या फोनवर पांढरं पान. प्ले कन्सोलमध्ये ॲप साईनिंगच्या पानावर तो तिसरा ठसा मिळतो, तो घालायला विसरू नका.

एक खरं सांगायला पाहिजे, वेबसाईटचं बंधन म्हणजे पक्की भिंत नाही. ब्राउझर जे 'मी अमुक साईटवरनं आलोय' सांगतो ते एखादा प्रोग्रॅम लिहून खोटं पण सांगता येतं. त्यामुळं दुसऱ्या वेबसाईटवाल्यांना ते अडवतं, जिद्दीनं मागं लागलेल्याला पूर्ण अडवत नाही. म्हणून 'काय' आणि 'किती' ही बंधनं पण लागतात. 'काय' म्हणजे एपीआय रिस्ट्रिक्शन, ब्राउझरच्या चावीला फक्त नकाशा दाखवायचं जावास्क्रिप्टवालं एपीआय द्यायचं, बाकी काही नाही. हे उघडं ठेवलं तर ती चावी त्या प्रोजेक्टमध्ये, म्हणजे गूगल खात्यातल्या ज्या कप्प्यात ती काढली त्यात, चालू असलेल्या आणि चावीवर चालणाऱ्या प्रत्येक सेवेला लागते. उद्या तुमच्याच कुणीतरी त्याच प्रोजेक्टमध्ये अशी दुसरी एखादी सेवा चालू केली, तर वेबसाईटवर सगळ्यांना दिसणारी नकाशाची उघडी चावी तिचं बिल पण फाडू शकते. त्यामुळं नकाशाचं प्रोजेक्ट वेगळं ठेवा, त्यात दुसरं काहीही चालू करू नका.

आता सर्व्हरची चावी. जिओकोडिंग आणि रूट मागणारी. ही कुणाला दिसायचं कारणच नाही, कारण मागणारा तुमचा सर्व्हर आहे. हिला लपवायची, आणि सर्व्हरच्या आयपी पत्त्याला, म्हणजे त्याच्या इंटरनेटवरच्या नंबराला, बांधायची.

इथं खरी मेख आहे, आणि हे मला स्वतःला कळायला लई वेळ लागला. एका चावीला 'कोण'चं बंधन एकाच प्रकारचं लावता येतं. वेबसाईट लावली तर आयपी नाही, आयपी लावला तर अँड्रॉइड नाही. आणि आपल्याकडच्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगच्या पानावर डबा असतो एकच, 'गूगल मॅप्स एपीआय की'. मग काय होतं, डेव्हलपर प्रामाणिकपणे त्या चावीला वेबसाईटचं बंधन घालतो, ब्राउझरमध्ये नकाशा येतो, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसमधनं फोन येतो की नवीन दुकानाचा पत्ता नकाशावर बसंना. लॉगमध्ये बघावं तर गूगलनं 'रिक्वेस्ट डिनाइड' म्हणून परत पाठवलेलं, आणि खाली कारण, वेबसाईटला बांधलेली चावी ह्या एपीआयला चालत नाही. रात्रीचे साडेनऊ वाजलेत, गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय, अशा वेळी माणूस काय करतो? बंधन काढून टाकतो. सगळं एकदम चालायला लागतं. "नंतर बघू" म्हणतो, आणि ते नंतर कधी येत नाही. मी स्वतः असं केलंय, दोनदा, आणि त्यातल्या एका गिऱ्हाइकाला मला हात जोडून सांगावं लागलं होतं की चूक माझी आहे. म्हणजे आळस हे कारण कमी आणि तो एक डबा जास्त. डबाच एक ठेवला की चावी उघडी राहणारच. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी हे मनावर घ्या, ब्राउझरसाठी एक डबा आणि सर्व्हरसाठी वेगळा, डब्याखाली दोन ओळीत लिहा की कुठलं बंधन लावून आणायची. मोबाईलची चावी ॲप बनवतानाच आत जाते, ती ह्या पानावर येतच नाही. मॅपबॉक्स म्हणून नकाशा देणारी अजून एक कंपनी आहे, त्यांनी हा फरक टोकनच्या, म्हणजे त्यांच्या चावीच्या, नावातच ठेवलाय, उघडं चालणारं 'पीके'नं सुरू होतं आणि गुपित ठेवायचं 'एसके'नं, बघताक्षणी कळतं. मला ते लई आवडतं.

आता सर्व्हरची चावी ठेवायची कुठं. कोडमध्ये नाही, हे पहिलं. कोड फिरतो. पेन ड्राइव्हवर जातो, व्हॉट्सॲपवर झिप होऊन जातो, इंटर्न पोरांच्या लॅपटॉपवर जातो, गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या ऑनलाईन जागेवर जातो. आणि कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटचं असं आहे की एकदा चावी त्यात गेली आणि नंतर तुम्ही ती ओळ खोडून पुन्हा सेव्ह केलं, तरी जुन्या नोंदीत ती तशीच असते, मागं जाऊन कोणीही बघू शकतं. उघड्या गिटहबवर पडलेल्या चाव्या शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. त्यामुळं चुकून गेली तर खोडत बसू नका, ती चावी मेली असं समजा आणि नवीन काढा.

छोट्या धंद्याला, एकच सर्व्हर असेल तर, साधी डॉट ईएनव्ही फाईल, म्हणजे सेटिंग लिहून ठेवायची मजकुराची फाईल, पुरते. ती वेबसाईटच्या उघड्या फोल्डरच्या बाहेर ठेवायची, गिटमध्ये जाऊ द्यायची नाही, आणि लिनक्सवर परवानगी 600 द्यायची म्हणजे ज्या युजरखाली सॉफ्टवेअर चालतं तेवढ्यालाच ती वाचता येते. मोठ्या कंपन्या अशी गुपितं जपणारं व्हॉल्ट किंवा क्लाउडचं सीक्रेट मॅनेजर वापरतात, चार-पाच सर्व्हर झाले की ते घ्याच, पण मसाल्याच्या होलसेल दुकानाला पहिल्या दिवशी त्याची गरज नाही. नीट ठेवलेली साधी फाईल ही अर्धवट समजलेल्या भारी सिस्टीमपेक्षा बरी, असं माझं मत आहे.

पण मालकाला स्वतः स्क्रीनवरनं चावी बदलता आली पाहिजे असं म्हणाल तर मग ती डेटाबेसमध्ये जाते, आणि डेटाबेसचा बॅकअप पण फिरतो हे लक्षात ठेवा. ओडू ह्या धंद्याच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये नकाशाची चावी सिस्टीम पॅरामीटर्समध्ये जाते, साध्या अक्षरात. म्हणजे तुम्ही एखाद्या व्हेंडरला "जरा एरर बघा" म्हणून डेटाबेसचा डंप, म्हणजे अख्खी कॉपी, पाठवला की चावी पण गेली. तसल्याच ईआरपीनेक्स्टमध्ये पासवर्ड प्रकारच्या डब्यात टाकलेलं एनक्रिप्ट होऊन, म्हणजे वाचता न येणाऱ्या रूपात साठतं, आणि ते उघडायची गुप्त चावी वेगळ्या साईट कॉन्फिग फाईलमध्ये असते. ही पद्धत बरोबर आहे, कुलूप एकीकडं आणि किल्ली दुसरीकडं. फक्त मग बॅकअप घेताना ती कॉन्फिग फाईल पण वेगळी जपायची, नाहीतर नवीन सर्व्हरवर डेटाबेस चढवल्यावर एकही पासवर्ड उघडत नाही आणि मग रडायची वेळ येते. तुम्ही स्वतः सॉफ्टवेअर लिहीत असाल तरी हेच करा, पण एनक्रिप्ट करून त्याची किल्ली त्याच डेटाबेसच्या शेजारच्या टेबलात ठेवू नका, तसं मी बघितलंय.

शिवाजी उद्यमनगरात आणि एमआयडीसीत अजून भरपूर ठिकाणी विंडोजवर बसवायचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे, दहा पीसीवर दहा कॉन्फिग फाईली आणि प्रत्येकीत चावी साध्या अक्षरात. तिथं चावी कशी लपवू असं विचारण्यापेक्षा ती तिथं ठेवूच नका. पीसीनं आपल्या सर्व्हरला विचारायचं, सर्व्हरनं गूगलला विचारायचं, उत्तर परत द्यायचं. चावी एकाच जागी राहते, बदलायची झाली तर एकाच ठिकाणी बदलते, आणि कुठला पीसी किती वेळा विचारतोय ते पण कळतं.

सेटिंगच्या पानाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण रोजचे घोळ तिथंच होतात. एकदा सेव्ह केल्यावर सर्व्हरची चावी पुन्हा पूर्ण दाखवायची नाही, शेवटची चार अक्षरं दाखवा, बाकी ठिपके. लोक काही अडलं की अख्ख्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात, त्यात दोष त्यांचा नाही, पानाचा आहे. डबा रिकामा ठेवून सेव्ह केलं तर जुनी चावी पुसली जाता कामा नये. आणि पेस्ट केल्यावर पुढचीमागची मोकळी जागा कापून टाका. परवा एका ठिकाणी दीड तास गेला, चावी बरोबर, बंधन बरोबर, बिलिंग बरोबर, तरी गूगल नाहीच म्हणतंय, शेवटी मी अक्षरं मोजली तर 40 भरली, व्हॉट्सॲपवरनं कॉपी करताना शेवटी एक स्पेस आली होती. डोळ्याला दिसत नाही की ओ ते. शेजारी एक 'टेस्ट' बटण द्या, दाबलं की सर्व्हर बिंदू चौकाचा पत्ता विचारून बघेल आणि उत्तर आलं की हिरवं. कन्सोलमध्ये बंधन बदललं की ते लागू व्हायला पाच मिनिटं लागू शकतात, तेवढा दम धरा, नाहीतर माणूस अर्ध्या मिनिटात पुन्हा काहीतरी बदलतो आणि मग कशानं बिघडलं तेच कळत नाही.

आता 'किती'. भारतातल्या बिलिंग खात्यांना गूगलनं 1 ऑगस्ट 2024 पासून दर बरेच कमी केले, आणि मार्च 2025 पासून साध्या सेवांना, ज्यात जिओकोडिंग येतं, प्रत्येक सेवेला महिन्याला 70,000 पर्यंत विनंत्या फुकट आहेत. दर बदलत राहतात, आपल्या बिलिंगच्या पानावर बघत जा. 70,000 ऐकून छोट्या धंद्याला वाटतं आपलं कधी संपणारच नाही. काकांचंच गणित मांडतो. सॉफ्टवेअरमध्ये असं लिहिलं होतं की गाडी दर 30 सेकंदाला आपली जागा पाठवते आणि सर्व्हर दर वेळी गूगलला विचारतो की ह्या जागेचा पत्ता काय. तासाला 120, दहा तासाला 1,200, बारा गाड्यांचे 14,400. एका दिवसाचे. पाचव्या दिवशी 70,000 संपतात आणि पुढचे सगळे दिवस मीटर चालू. ह्यात कुणी चावी चोरली नव्हती, घरच्याच पोरानं दर अर्ध्या मिनिटाला दुकानात जाऊन दूध आणलं. गाडी व्हीनस कॉर्नरला सिग्नलवर उभी आहे तरी तोच पत्ता पुन्हा पुन्हा विचारायचा कशाला? गाडी शंभर-दोनशे मीटर सरकल्याशिवाय विचारायचं नाही असं केलं, आणि पत्ता लिहूनच दाखवायची गरज नव्हती तिथं नुसती नकाशावर खूण दाखवली. दुकानाची प्लेस आयडी, म्हणजे गूगलनं त्या जागेला दिलेली ओळख, साठवून ठेवता येते, त्याला गूगलची मुदत नाही, अक्षांश-रेखांश मात्र त्यांच्या अटीप्रमाणे 30 दिवसांपर्यंतच साठवायचे असतात. ड्रायव्हरनं दुकानासमोर उभं राहून स्वतःच्या फोनच्या जीपीएसनं घेतलेली जागा असेल तर ती तुमची, ती कायम ठेवा, आणि खरं सांगू का, आपल्याकडच्या 'समोर, मागं, शेजारी' वाल्या पत्त्यांना तीच जास्त बरोबर असते.

आणि एक गैरसमज लई जणांचा आहे, बजेट अलर्ट लावला म्हणजे बिल थांबतं. थांबत नाही. अलर्ट म्हणजे नुसती ईमेल. दुकानदार निरोप पाठवतो की खातं वाढलंय, पण सामान देत राहतो. थांबवायचं असेल तर कोटा लावायचा, प्रत्येक एपीआयला दिवसाला इतक्याच विनंत्या. काकांना रोज साधारण किती लागतात ते महिनाभर बघून त्याच्या दुप्पट कोटा ठेवला. एखाद्या दिवशी कोटा संपला तर नकाशा काही वेळ बंद पडेल, कबूल, पण एका रात्रीत डोंगराएवढं बिल येण्यापेक्षा ते परवडतं. दोन्ही लावा, अलर्ट पण आणि कोटा पण.

राहिलं मालकीचं, जिथनं हे सगळं सुरू झालं. मालक लोकहो, हे तांत्रिक नाही, हे तुमचं काम आहे. गूगल खातं धंद्याच्या ईमेलनं उघडा, कार्ड धंद्याचं लावा, आणि डेव्हलपरला त्या प्रोजेक्टमध्ये त्याच्या ईमेलनं जोडा, लागेल तेवढ्याच परवानगीनं. तो सोडून गेला तर त्याचं नाव काढा आणि चाव्या बदला. ह्यात अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही, दुकानातला मुनीम बदलला की आपण तिजोरीची किल्ली परत घेतोच की. उलट डेव्हलपरच्या पण फायद्याचं आहे, दुसऱ्याच्या धंद्याचं बिल स्वतःच्या कार्डवर ठेवून कुणाला शांत झोप लागते?

ओपनस्ट्रीटमॅप वापरलं तर चावीचा त्रास नाही असं कुणी म्हणेल. नकाशा खुला आहे, चांगला आहे, मी पण वापरतो, पण त्यांचे सर्व्हर देणगीवर चालतात आणि त्यांचे नियम आहेत, पत्ता शोधणाऱ्या नॉमिनॅटिमच्या सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला एकच विनंती चालते आणि तुमच्या सॉफ्टवेअरनं स्वतःची ओळख सांगावी लागते. बारा गाड्यांचा धंदा त्यावर टाकणं बरोबर नाही, स्वतःचा सर्व्हर उभा करायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

लक्ष्मीपुरीत त्या दिवशी गाड्या साडेआठला जुन्या पाठ केलेल्या रूटवर गेल्या. दुपारी काकांच्या मुलीनं दुकानाच्या ईमेलनं नवीन खातं उघडलं, तीन चाव्या काढल्या, एक ब्राउझरची, एक सर्व्हरची, एक ॲपची, तिघींना बंधनं लावली, आणि कुठली चावी कुठं लागली आणि कुठल्या तारखेला, हे रोजकीर्दीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं, चावी न लिहिता, नुसती शेवटची चार अक्षरं. सव्वाचारला पडद्यावरचा काळपटपणा गेला आणि रंकाळा पुन्हा निळा दिसायला लागला. फक्त दोन ड्रायव्हरच्या फोनवर जुनंच ॲप होतं, एकजण गारगोटीकडं गेलेला, एकजण सुट्टीवर. दोघांच्या फोनवर नवीन ॲप चढेपर्यंत मंगळवार उजाडला. मग मी त्या जुन्या डेव्हलपरला फोन लावला आणि सांगितलं, "आता तुझ्याकडची चावी डिलीट कर, काही अडलंच तर तीस दिवसात परत आणता येते." तो म्हणाला, "करतो, आणि काकांना सॉरी सांग."